खिडकीकडे पाठ

मला एक सांगा. दगड तुम्ही उचललात, तुम्हीच भिरकावलात आणि समोरच्याचं डोकं फुटलं, तर गुन्हा तुमचा. बरोबर? आता दगड दुसऱ्याच्या हातात आहे, त्याचा हात थरथरतोय, आणि तुम्ही त्याच्या कानाशी लागून नुसतं म्हणालात, "घाबरू नकोस, मी आहे." मग गुन्हा कुणाचा?

लगेच उत्तर देऊ नका. लगेच उत्तर देणाऱ्यांची मला चीड आहे. आमच्या बंदरावर तसल्या माणसांची एक समिती बसली होती, आणि तिने एका पोरीचा जन्म वर टांगून ठेवला. आधी आमच्या मामांची गोष्ट ऐका.

मामा माझे कुणी लागत नाहीत. ते सगळ्या गल्लीचेच मामा. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दोरखंडाचं दुकान आहे, त्याच्या माडीवर दाताचा दवाखाना आहे, तिथे ते नोकरीला आहेत. काम काय, तर धीर देणं. हसू नका. डॉक्टरीणबाई यंत्र हातात घेतात तेव्हा मामा खुर्चीशेजारी उभे राहतात, पेशंटच्या चेहऱ्यावर नजर ठेवतात आणि बोलत राहतात. "हं. छान. खांदे सोडा. अहो, मूठ कशाला आवळताय, दात काय मुठीत आहे?" त्या आवाजात काय आहे कोण जाणे. ज्यांच्या पाठीवरून अख्खी जहाजं रिकामी झाली असले दांडगे हमाल जिना चढायच्या आधी खालूनच विचारतात, "मामा आहेत ना?" नसले तर गाल धरून परत जातात.

गल्लीतही तेच. ऑपरेशनला निघालेला माणूस आधी मामांकडे जाऊन येतो. परीक्षेची पोरं जातात. सासूशी भांडायचं ठरवलेली सून जाते, आणि त्याच संध्याकाळी सासूही जाते. दोघींना भरपूर धीर मिळतो आणि मग भांडण असं दणदणीत होतं की सारी गल्ली गॅलरीत येते.

त्यांची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. मामा खिडकीकडे तोंड करून कधी बसत नसत. दवाखान्यात खिडकीकडे पाठ, घरी खिडकीकडे पाठ, चहाच्या दुकानात तर आरशातूनसुद्धा रस्ता दिसणार नाही असं टेबल. आम्हाला वाटायचं, डोळ्यांना ऊन सोसत नसेल.

उन्हावरून आठवलं. तुमच्या गावाला एकच बंदर असेल, आमच्याकडे दोन आहेत. एक खालचं, मासळीच्या वासाचं. दुसरं वरचं, ढगांच्याही पलीकडे, जिथून शिडाची जहाजं अंतराळात निघतात. दोन्हींच्या मध्ये एक जाडजूड दोर, आणि दोरावरून चढणारा-उतरणारा पाळणा. वर वारा नाही, पण ऊन आहे, आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशा त्या रुपेरी शिडांना उन्हाचा धक्का पुरतो. आमच्याकडे "तो वर गेला" म्हटलं की कुणी रडत नाही. "परत कधी येतोय?" म्हणून विचारतात.

पण एका बाईच्या बाबतीत तेही विचारायची सोय नव्हती. तिला सगळे साळुंकी म्हणायचे.

साळुंकी म्हणजे अखंड बडबड. लहानपणी आम्ही एकाच नळावर पाणी भरायचो. भांडं भरेपर्यंत ही शेजारणीच्या मांजरापासून चंद्रावरच्या खड्ड्यांपर्यंत सगळं बोलून घ्यायची. पलीकडच्या बंदराशी लढाई लागली तेव्हा ती आरमारात भरती झाली. लढाई कशावरून लागली ते मला विचारू नका, ज्यांनी लावली त्यांनाही आज धड सांगता येत नाही. साळुंकीची नजर तीक्ष्ण, म्हणून तिला तोफेवर बसवलं. तोफ म्हणजे धूर आणि दणका नव्हे. समोर दुर्बीण, खाली तळहाताएवढी काळी पट्टी. पट्टीवर हात टेकला की तोफ सुटते.

आता शिडाच्या जहाजांचा एक कायदा आहे, लढायांहूनही जुना. शीड उतरवलं म्हणजे शरण आलं. शीड उतरवलेल्या जहाजावर हात टाकायचा नाही. आणि लढाईच्या धुमाळीत शीड उतरलं की नाही हे दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या तोफचीलाच आधी दिसतं. म्हणून कायदा म्हणतो: ज्याने पाहिलं त्याने हात उचलायचा. नाही उचलला, तर दोष त्याचा.

साळुंकीने नाही उचलला. समोरचं जहाज शीड उतरवून उभं होतं, आणि तिच्या तोफेने ते फोडलं. आतलं कुणीही वाचलं नाही. समितीने चौकशी केली. शिक्षा काय, तर उतरणबंदी. जमिनीवर पाय ठेवायचा नाही. तेव्हापासून ती वरच्या बंदरातल्या पडवीत फाटक्या शिडांना ठिगळं लावत बसली होती. आई गेली तेव्हाही तिला खाली सोडलं नाही. आईचं शेवटचं तोंड तिने दोन्ही बंदरांना एकमेकांचं चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर पाहिलं. त्या दिवशी मी खालच्या पडद्याजवळ उभी होते. साळुंकी एक शब्द बोलली नाही.

आमची परतलेल्या खलाशांची संघटना आहे. मी काही शिकलेली नाही, कायदा मी भांडता भांडता शिकले, आणि भांडणात मी कुणाला हार जात नाही. गल्लीत मला करवत म्हणतात ते उगाच नाही. बंदर कचेरीचे उंबरठे झिजवून झिजवून मी समितीला फेरसुनावणीला तयार केलं. समितीने एकच अट घातली: त्या दिवशी त्या तोफखान्यात हजर असलेला एक साक्षीदार आणा.

हजर असलेल्यांपैकी तोफची बहुतेक गेले, उरलेले कुठल्या कुठे पांगले. आमच्या हाताशी एकच माणूस राहिला होता. मामा.

कारण मामा साळुंकीच्या जहाजावर धीरकरी होते.

धीरकरी म्हणजे काय ते सांगते. माणूस माणसाला सहजासहजी मारत नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, मी बंदरावर ढीगभर मारामाऱ्या सोडवल्यात. आई-बहिणी काढतील, छात्या भिडवतील, पण गुद्दा बघावा तर हवेत. तोफेवरही तसंच होतं. नेम बरोबर धरतात, आणि ऐन वेळी हात थिजतो, नाहीतर निसटता बाजूला पडतो. आरमारातल्या शहाण्यांच्या हे लक्षात आलं, तेव्हा त्यांनी प्रत्येक तोफखान्यात एक धीरकरी नेमला. त्याने खिडकीकडे पाठ करून तोफच्यांच्या समोर उभं राहायचं. बाहेर बघायचं नाही, कधीच नाही. फक्त चेहरे वाचायचे. कुणाची पापणी अडकली, कुणाचा ओठ वाळला, कुणाचा खांदा वर चढला. आणि ज्याचा हात थिजला त्याच्याशी बोलून तो सोडवायचा. हुकूम कप्तान देतो. धीरकरी नुसता धीर देतो.

बाहेर का बघायचं नाही? तर म्हणे, बाहेर बघणाऱ्याचा आवाज बदलतो. असेल. पण मला त्यामागचं दुसरं कारण नंतर उमगलं. ज्याने काही पाहिलंच नाही, त्याला कुणी जबाबदार धरू शकत नाही.

मी मामांकडे गेले तेव्हा मला वाटलं, हे तर घरचंच काम. "मामा, फार काही नको. पोरगी मनाने चांगली होती, मुद्दाम करणारी नव्हती, एवढं समितीसमोर बोला. चहा थंड व्हायच्या आत परत याल."

मामांनी कप बशीत ठेवला. "सध्या दवाखान्यात गर्दी आहे, ताई."

"सुनावणीच्या दिवशी मी सगळ्या गल्लीचे दात दुखायचे थांबवते."

"माझी कंबर धरलीय."

"मी पाठुंगळीला घेते."

तेवढ्यात आतून मामी आल्या, हातात कणकेचा गोळा. मामी म्हणजे मामांच्या उलट. त्यांच्या बोलण्याने धीर सुटतो. "करवते, एकदा नाही म्हटलं की कळत नाही का तुला? जुनी खरूज कशाला खाजवायची? ते येणार नाहीत."

मी तरातरा बाहेर पडले. जिन्यावर उभी राहून मोठ्याने म्हणालेसुद्धा, "दुनियेला धीर वाटत फिरायचं आणि स्वतःच्या घरात मात्र खडखडाट!" मामांना ऐकू गेलं असणार. जावं म्हणूनच म्हणाले होते.

पुन्हा त्यांच्यासमोर मी गेले ती भांडायला नव्हे. माझी दाढ ठणकायला लागली. दाढेला काय कळतंय कुणाशी अबोला आहे ते! दवाखान्यात चढले. हिरवी खुर्ची, डोक्यावर तो दिवा, डाव्या हाताला खिडकी आणि खिडकीत दोरावरून संथ चढणारा पाळणा. मामा खिडकीला पाठ लावून उभे राहिले. एकमेकांकडे बघायचं टाळणं तर शक्यच नव्हतं, त्यांचं कामच ते.

मी घाबरले की भांडते. तोंडात चिमटे असतानासुद्धा मी डॉक्टरीणबाईंशी भांडत होते, शब्द फुटत नव्हते तरी सूर बरोबर लागत होता. मामा म्हणाले, "हं, शिव्या द्या, द्या, खांदे मात्र खाली." यंत्र घरघरलं. आणि एकदम माझ्या जबड्यातून तापलेली सळई घातल्यासारखी कळ गेली. इंजेक्शन त्या बाजूला लागलंच नव्हतं. हात वर करायचंही मला सुचलं नाही. मी गप्प झाले.

"डॉक्टर, थांबा!" मामा ओरडले. "ही भीती नाही. हिला दुखतंय."

यंत्र थांबलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून दुसरं इंजेक्शन दिलं आणि ते चढेपर्यंत शेजारच्या पेशंटकडे गेल्या. माझी अर्धी जीभ बधीर झाली होती, तरी विचारलं, "तुम्हाला कशं कळलं?"

मामा सहज म्हणाले, "सोपं आहे, ताई. बोलकं माणूस घाबरलं की जास्त बोलतं. ते गप्प झालं, म्हणजे भीती नव्हे. काहीतरी खरंच..."

वाक्य तिथेच तुटलं. मामांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्यावरचं रक्त उतरताना दिसलं. त्यांनी खुर्चीचा दांडा धरला. मी काही विचारलं नाही, विचारण्यासारखं तोंडच नव्हतं माझं. नाहीतर मी मध्ये बोलले असते आणि ते गप्प झाले असते. माझ्या आयुष्यात माझी दातखीळ कामाला आली ती तेवढीच.

खाली उतरल्यावर दोरखंडाच्या वेटोळ्यांवर बसून ते बोलले.

"त्या दिवशी आम्ही एकमेकांचं ऊन अडवत होतो. वर लढाई तशीच असते. सूर्य आणि समोरचं जहाज यांच्यामध्ये घुसायचं, त्याच्या शिडावर सावली टाकायची. ऊन गेलं की शीड गळतं, जहाज लंगडं होतं. ते कसलेले होते. आमच्या सावलीतून सटकले आणि शीड भरून थेट आमच्या बाजूला आले. मी पाहिलं नाही हं. मला कळलं ते पोरांच्या तोंडावरून. त्यांच्या शिडावर पडलेलं ऊन उलटून आमच्या तोफखान्यात आलं आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर नाचायला लागलं, हौदाजवळच्या भिंतीवर नाचतं तसं. कप्तान ओरडला, हाणा. साळुंकी बोलत होती. तोंडाचा पट्टा चालूच. आईने म्हणे नवे पडदे शिवलेत, निळे घ्यायचे तर पिवळे घेतले. मी म्हटलं, घाबरलीय, बोलू दे, बोलतेय तोवर हात चालेल. आणि मग तिच्या चेहऱ्यावरचं ऊन गेलं."

मामांनी वेटोळ्यातून सुटलेलं दोराचं टोक आत खोचलं.

"एकदम गेलं, ताई. दिवा मालवावा तसं. आणि ती गप्प झाली. पिवळ्या पडद्यांच्या मध्येच. हात पट्टीच्या वर, टेकलेला नाही. माझ्याकडे बघितलं तिने. दुर्बिणीतून डोळा काढून माझ्याकडे."

"मग?"

"मग काय. थिजलेला हात दिसला की काय करायचं ते मला शिकवलं होतं. माझ्याइतकं ते कुणाला जमत नव्हतं. मी म्हणालो, ठेव हात, बाळ. घाबरू नकोस, मी आहे."

दुकानदार आतून दोर मापायला बाहेर आला आणि आमची तोंडं बघून आल्या पावली परत गेला.

"तिने हात ठेवला," मामा म्हणाले. "चौकशीत मला एकच विचारलं. शीड उतरलेलं तुम्ही पाहिलंत का? मी म्हणालो, नाही. खरं होतं ते. खिडकीकडे पाठ होती माझी. शीड उतरलं नसेल, नुसतं वळलं असेल, म्हणून ऊन गेलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. त्या वेळी नाही, तेव्हा सांगायला वेळच कुठे होता. नंतर सांगितलं. अजून रोज सांगतो."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया आली नाही. माझ्या डोळ्यांपुढे पडद्यावरची साळुंकी होती, आईचं मेलेलं तोंड बघणारी, मुकी. मी म्हणाले, "मामा, ती तिकडे ठिगळं लावत म्हातारी होतेय आणि तुम्ही इथे लोकांच्या दाढांना धीर देताय."

"म्हणून तर देतो," ते म्हणाले. "दर वेळी थांबा म्हणतो, ताई. तुमच्या बाबतीत म्हणालो, तसं प्रत्येकाच्या बाबतीत. डॉक्टर वैतागतात. पण कितीही वेळा थांबा म्हटलं तरी ते त्या दिवसाला ऐकू जात नाही."

त्यांच्या घरी गेलो तेव्हा मामींनी चेहऱ्यावरून ओळखलं. आधी मला बोल लावले, मग त्यांना. "सगळी गल्ली मामा मामा करते. उद्या कोण दार वाजवेल? पोरं दगड मारतील दगड!" मग ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. आवाज खाली आला. "वर्षानुवर्षं ऐकतेय मी. झोपेत 'ठेव हात, बाळ' म्हणतात. मला वाटायचं, मूल झालं नाही त्याचं दुःख आहे. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवायची." पदराने डोळे पुसून मामी म्हणाल्या, "कोट काढून ठेवते. सुनावणीला चुरगळलेला नको."

सुनावणी बंदर कचेरीच्या दालनात झाली. लांब टेबल, पाण्याच्या सुरया, टेबलामागे समिती आणि मध्यभागी अध्यक्ष, निवृत्त कप्तान, मान अशी ताठ की इस्त्री केल्यासारखी. साक्षीदाराचा कठडा समितीच्या समोर. कठड्याच्या मागे मोठी खिडकी, खिडकीत तो दोर, आणि खिडकीशेजारी पडदा. पडद्यावर साळुंकी. केस पिकलेले, बोटांना शिडाची रुपेरी पूड. वरच्या बंदरातून आवाज यायला जरा वेळ लागतो. आपण बोललो की तिच्या चेहऱ्यावर ते उमटेपर्यंत थांबावं लागतं.

अध्यक्षांनी तोच जुना प्रश्न विचारला. "शीड उतरलेलं तुम्ही पाहिलंत का?"

मामा म्हणाले, "आधी मी वळतो, साहेब."

"साक्षीदाराने समितीकडे तोंड करायचं असतं."

"तुमच्याकडे बघून बोललो तर मी तुम्हालाच धीर देत बसेन, साहेब. खोड आहे मला ती." आणि परवानगीची वाट न बघता ते वळले. कठड्याला पाठ, खिडकीकडे तोंड. बाहेरचं ऊन त्यांच्या डोळ्यांत गेलं, पाणी आलं, पण त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"साळुंके," ते म्हणाले, "तुझ्या चेहऱ्यावरचं ऊन गेलेलं मी पाहिलं. तू घाबरलीस की बोलतेस, हे मला ठाऊक होतं. तू गप्प झालीस. तू मला विचारत होतीस, आणि मी तुला धीर दिला. मी आहे म्हणालो होतो. चौकशीच्या दिवशी मी नव्हतो."

आम्ही थांबलो. शब्द वर पोचायचे होते. पडद्यावरचा चेहरा आधी तसाच, मग शब्द पोचल्याचं दिसलं. ती गप्प. मी मामांकडे बघितलं, तर ते हलले नाहीत. या वेळी त्यांनी तिला काहीही सांगितलं नाही. नुसते बघत राहिले.

मग ती बोलली. "निळेच पडदे चांगले दिसले असते, मामा."

समितीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"शीड उतरताना मी पाहिलं," ती म्हणाली. मी कपाळावर हात मारला. जिंकलेली बाजू ही बाई स्वतःच्या हाताने घालवत होती! "त्यांनी घाईघाईने नाही, नीट घडी पडेल असं उतरवलं होतं. मी पाहिलं आणि तुमच्याकडे बघितलं, कारण मला कुणीतरी उचल म्हणायला हवं होतं. तुम्ही ठेव म्हणालात. पण हात माझा होता. तुम्ही सगळं गाठोडं उचलून चाललात, मामा. निम्मं खाली ठेवा. ते माझं आहे."

अध्यक्षांनी सुरईकडे हात नेला आणि परत घेतला. समिती आतल्या खोलीत गेली. भांडायची तयारी म्हणून मी मनातल्या मनात दहा मुद्दे जुळवले, पण एकही लागला नाही. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं: पाहणारीचा दोष राहतो, पण तिच्या हातामागे दुसरा आवाज होता, तो आधीच्या चौकशीने ऐकलाच नाही. उतरणबंदी उठली.

मामांना शिक्षा झाली नाही. तशी तरतूदच नाही, म्हणाले. धीर देणं गुन्हा आहे असं कलम आजवर कुणी लिहिलेलं नाही. मामा कचेरीच्या पायरीवर बसले. "काहीच नाही?" त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. शिक्षा न झाल्यामुळे इतकं पडलेलं तोंड मी कुणाचं पाहिलेलं नाही. मामी शेजारी बसल्या आणि कोटाची कॉलर सरळ करत राहिल्या.

गल्लीने मात्र कलमाची वाट बघितली नाही. पोरांनी दगड मारले नाहीत, त्यापेक्षा वाईट केलं, रस्ता बदलला. हमाल आता दाढ दुखली की दुसऱ्या दवाखान्यात जातात. काही अजून येतात. मामा त्यांना धीर देतात, पण आता खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहतात, खिडकी दिसेल असे. घरातली खुर्चीही त्यांनी फिरवून घेतली. मामी म्हणतात, "ऊन डोळ्यांत जातं म्हणून दिवसभर कुरकुर करतात. करू देत."

आणि साळुंकी खाली आली. पाळण्याच्या दारातून बाहेर पडताना तिने जमिनीवर आधी टाच टेकली, मग सगळा पाय, तापलेल्या तव्यावर ठेवावा तसा. मामी तिला घरी न्यायला आल्या होत्या. ती नाही म्हणाली. "रोज सकाळी मला बघून ते मान खाली घालतील, मामी, आणि मग मी त्यांना धीर देत बसेन. कुणी कुणाला धीर देणं आता पुरे."

म्हणून ती सध्या आमच्या संघटनेच्या कचेरीत बाकं जोडून झोपते. मी तिच्यासाठी खोल्या बघत हिंडतेय. दार उघडतात, हसतात, चहाही विचारतात, आणि नाव कळलं की खोली परवाच कुणालातरी दिलेली असते. यातले निम्मे लोक लढाईच्या काळात गॅलरीत उभं राहून "हाणा, हाणा" ओरडत होते. मी त्यांना तोंडावर सांगून आले. खोली काही मिळाली नाही.

तेव्हा तुमच्याकडे मागते, आणि मागायची मला सवय नाही. तुमच्या घरात एखादी खोली रिकामी असेल, छोटी चालेल, पण खिडकी हवी, तर संघटनेच्या कचेरीत येऊन सांगा. पडदे तिचे ती शिवेल. ती बडबड करत सुटली तर वैतागू नका, घाबरलेली असेल, बोलू द्या. पण बोलता बोलता ती एकदम गप्प झाली, तर तिला धीर देऊ नका. हातातलं काम खाली ठेवा, आणि ती जिकडे बघतेय तिकडे आधी वळून बघा.